दोन-तीन झुरके : अकबराच्या दरबारापासून खिशातल्या पॉडपर्यंत



आजचा विषय अक्षरशः मुठीत मावेल एवढा आहे. बोटाएवढी लांब, पेनड्राइव्हसारखी दिसणारी, आंबा, पुदिना, कलिंगड असल्या वासांची एक वस्तू. पॉड वेप. ग्रुपमधला कुणीतरी ती काढतो आणि म्हणतो, "ट्राय तर कर. सिगारेट थोडीच आहे? नुसती वाफ आहे. आणि स्वस्तात मिळालीये."

भारतात ही वस्तू विकायला २०१९ पासून कायद्याने बंदी आहे, त्यावर पुढे बोलूच. पण आपला पॉडकास्ट इतिहासाचा, त्यामुळे इथे कुठल्या पॉडचा रिव्ह्यू होणार नाही. आज आपण एक जुना रिव्ह्यू ऐकणार आहोत. थोडाथोडका नाही, चारशे वीस वर्षांपूर्वीचा. त्यात नवीकोरी वस्तू आहे, तिचं भारी पॅकिंग आहे, पहिला झुरका आहे, "नको" म्हणणारा डॉक्टर आहे, "सगळं जग वापरतंय, आपणच मागे का?" असं विचारणारा एक हुशार माणूस आहे, आणि शेवटी फुकट वाटलेली सॅम्पलंसुद्धा आहेत. गोष्ट सुरू होते आपल्या दख्खनमध्ये. तिचा एक धागा तर थेट आपल्या जिल्ह्यातल्या पैठणला बांधलेला आहे.

पैठणचं लग्न

साल १६०४. तेव्हा छत्रपती संभाजीनगर हे नाव नव्हतं, औरंगाबाद हेही नव्हतं. खडकी नावाचं गाव होतं, आणि मलिक अंबरने तिथे शहर वसवायला अजून सहा वर्षं बाकी होती. पैठण मात्र जुनं, नांदतं. एकनाथ महाराजांनी १५९९ मध्ये गोदावरीत देह ठेवला, त्याला जेमतेम पाच वर्षं झालेली.

अहमदनगरचा किल्ला १६०० मध्येच मुघलांनी घेतला होता. आता अकबराला विजापूरशी सोयरीक हवी होती. शहजादा दानियाल, म्हणजे अकबराचा धाकटा मुलगा, आणि विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाची मुलगी यांचं लग्न ठरलं. बोलणी करायला गेलेले मुघल वकील होते मीर जमालुद्दीन हुसेन इंजू. ते विजापुरात असे काही रमले की परत यायचं नावच घेईनात. मग अकबराने असद बेग नावाच्या आपल्या माणसाला धाडलं. काम सोपं होतं : वकिलाला हलव आणि नवरीला घेऊन ये.

हे लग्न लागलं गोदावरीच्या काठी, पैठणजवळ. नवरीसोबत विजापूरहून निघालेल्या लवाजम्यात प्रसिद्ध इतिहासकार फिरिश्ताही होता. म्हणजे लग्नाच्या वऱ्हाडात इतिहास लिहिणारा माणूस, आणि त्याच राजकारणात गुंतलेल्या दुसऱ्या माणसाच्या सामानात एक अशी वस्तू जी पुढे घराघरात शिरणार होती. ती वस्तू म्हणजे तंबाखू.

तंबाखू मुळात आपल्याकडची नाही. अमेरिकेतलं झाड ते. पोर्तुगीजांनी ते जगभर फिरवलं, आणि पोर्तुगीज १५१० पासून गोव्यात बसलेले. गोवा ते विजापूर म्हणजे शेजारच. आपला "तंबाखू" हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांच्या "तबाको"चाच भाऊ. असद बेगने ही पानं विजापुरात पाहिली. हिंदुस्थानात असलं काही आपण याआधी पाहिलं नव्हतं, असं तो स्वतःच्या आठवणींत सांगतो. आणि त्याने ठरवलं : ही भेट बादशहाला द्यायची.

चारशे वर्षांपूर्वीचं अनबॉक्सिंग

आता पॅकिंग बघा. नळी अचेहून आलेली, म्हणजे आजच्या इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरून. लांबी तीन हात. दोन्ही टोकांना रत्नं आणि मीनाकारी. तोंडात धरायचा भाग येमेनी अकीकाचा, लंबगोल. पेटवायला सोन्याचं भांडं. नळी ठेवायला चांदीचं नळकांडं, त्यावर जांभळी मखमल. सगळं चांदीच्या तबकात मांडलेलं. आणि तंबाखू कशात भरलेली? आदिलशहाने त्याला एक सुंदर पानाची पिशवी भेट दिली होती, तिच्यात. म्हणजे आपल्या आजोबांच्या कमरेला असायची ती चंची, तिचंच राजेशाही रूप म्हणा ना.

आग्र्याच्या दरबारात बादशहा भेटवस्तू बघत होता, तेवढ्यात नजर या तबकावर गेली. हे काय? कुठून आणलं? असद बेगच्या आधी उत्तर दिलं खान-ए-आझम मिर्झा अझीज कोका याने. त्याचं म्हणणं असं की ही तंबाखू, मक्का-मदिनेत सगळ्यांना ठाऊक आहे, आणि इथे ती औषध म्हणून आणलीये.

हा शब्द लक्षात ठेवा : औषध. तंबाखूची मुघल दरबारात पहिली ओळख झाली ती नशा म्हणून नाही, चैन म्हणूनही नाही. औषध म्हणून.

अकबराने भरून आणायला सांगितलं. ओढायला सुरुवात केली, तोच हकीम पुढे आला आणि थांबवू लागला. अकबर म्हणाला, आणणाऱ्याचं मन राखायला थोडं तरी घेतो. आणि त्याने दोन-तीन झुरके घेतले. हकीम अस्वस्थ. मग नळी खान-ए-आझमकडे गेली, त्यानेही दोन-तीन झुरके मारले.

मग झाला वाद. आणि हा वाद ऐकताना वाटतं, अरे, हे तर कालच्याच कमेंट सेक्शनमधलं आहे!

हकिमाचं म्हणणं : हे न तपासलेलं औषध आहे. आमच्या ग्रंथांत याचा उल्लेख नाही. ज्याचे गुण-दोष कुणाला माहीत नाहीत, ते बादशहाने घेऊन बघू नये.

असद बेगचं म्हणणं : फिरंगी लोक काही मूर्ख नाहीत, त्यांच्यात मोठमोठे जाणकार आहेत. तुम्ही वापरून न बघताच निकाल कसा देता? जगातली प्रत्येक रीत कधीतरी नवीनच होती की. चोपचिनीचं मूळ आधी कुणाला माहीत होतं? आज किती रोगांवर चालतं!

अकबर खूश झाला. केवळ आपल्या पुस्तकात नाही म्हणून दुसऱ्या देशांतल्या शहाण्यांनी स्वीकारलेली गोष्ट नाकारली तर आपण पुढे कसे जाणार, असं त्याचं मत पडलं. ऐकायला किती छान, किती आधुनिक! हकीम मात्र शेवटपर्यंत हलला नाही. गंमत म्हणजे असद बेग स्वतःच कबूल करतो की माणूस हकीम म्हणून चांगला होता.

आता निकाल ऐका. असद बेगने तंबाखू आणि नळ्या भरपूर आणल्या होत्या. त्याने काही सरदारांकडे पाठवल्या, बाकीच्यांनी मागून घेतल्या. कुणीच मागे राहिला नाही. मग व्यापाऱ्यांनी विक्री सुरू केली आणि सवय झपाट्याने पसरली. आणि अकबर? ज्याच्यासाठी एवढा थाट केला, त्याने ती सवय लावून घेतली नाही. दोन-तीन झुरके, बस्स.

हकिमाच्या प्रश्नाला उत्तर कधी मिळालं?

त्याच १६०४ साली, तिकडे लंडनमध्ये, इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने तंबाखूविरुद्ध एक सणसणीत पुस्तिका काढली. डोळ्यांना, नाकाला, मेंदूला, फुप्फुसाला वाईट, अशी त्याची तक्रार. आणि तंबाखूवरचा आयातकर पौंडामागे दोन पेन्सवरून थेट सहा शिलिंग दहा पेन्स केला. लोक ओढतच राहिले. इकडे अकबराचा मुलगा जहांगीर याने १६१७ मध्ये तंबाखू ओढायला मनाई केली. लोक ओढतच राहिले.

पण राजांना आवडत नाही ही एक गोष्ट, आणि नेमकं काय होतं हे मोजून सिद्ध करणं ही वेगळी गोष्ट. ते मोजमाप कधी झालं माहितीये? १९५० मध्ये. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी, आणि अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचे रुग्ण आणि सिगारेट यांचा संबंध आकड्यांत दाखवला. १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने त्यावर सरकारी शिक्का मारला.

वजाबाकी करा. १६०४ ते १९५०. तीनशे शेहेचाळीस वर्षं. हकिमाचा प्रश्न एवढाच होता की हे तपासलंय का? आणि उत्तर यायला साडेतीन शतकं लागली. मधल्या काळात तपासणी चालूच होती, पण ती माणसांच्या अंगावर. जो ओढतो तोच प्रयोग, आणि त्याचा निकाल त्याच्याच छातीत.

असद बेग चुकीचं बोलत होता का? नवीन गोष्टीला नुसतं नवीन म्हणून नाकारू नये, हे बरोबरच आहे. पण त्याच्या बोलण्यात एक फट होती. "वापरून बघितल्याशिवाय कसं कळणार?" हे चपलेबद्दल ठीक आहे, मोबाइलबद्दल ठीक आहे. ज्या गोष्टीचा परिणाम तीस वर्षांनी दिसतो आणि जी पहिल्या काही आठवड्यांत सवय लावते, तिला हा न्याय लागूच पडत नाही. तुम्ही वापरून बघता तेव्हा तुम्हाला फक्त चव कळते.

लहान, आणखी लहान

आता आपण वस्तूकडे येऊ. कारण गेल्या चारशे वर्षांत खरा बदल तंबाखूत कमी आणि तिच्या यंत्रात जास्त झालाय.

हुक्का घ्या. बिदरच्या कारागिरांनी काळ्या धातूवर चांदीची नक्षी कोरून हुक्क्याची जी बुडं घडवली, ती आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. देखणी वस्तू! पण हुक्का ओढायचा म्हणजे काय काय लागतं बघा. पाणी भरा, निखारे करा, चिलमीत तंबाखू भरा, बैठक मांडा. अमीर माणसाकडे तर त्यासाठी खास नोकर असायचा, हुक्काबरदार. म्हणजे हुक्का ही वस्तू चालताबोलता ओढायची नव्हतीच. वेळ, जागा, माणसं, सगळं जमलं तरच. त्या वस्तूच्या आकारातच एक लगाम होता.

मग लगाम सैल होत गेला. नारळाच्या करवंटीची गुडगुडी आली, ती एका हातात धरता यायची. त्याहून लहान चिलीम, ती तर कमरेला खोचता यायची. मग विडी : टेंभुर्णीचं पान, चिमूटभर तंबाखू, दोऱ्याचा एक फेरा. सिन्नर, संगमनेर, सोलापूर, गोंदिया, कामठी या गावांत हजारो हातांनी, त्यातही मुख्यतः बायकांच्या हातांनी, विड्या वळल्या. मग सिगारेट. अमेरिकेत १८८१ मध्ये जेम्स बॉन्सॅकच्या सिगारेट वळणाऱ्या यंत्राला पेटंट मिळालं. एका दिवसात लाखाच्या वर सिगारेटी. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, तिथे हैदराबादची "चारमिनार" गाजली.

पण मंडळी, मराठवाड्यातला माणूस म्हणेल, "अहो, आमच्याकडे ओढतात कमी आणि खातात जास्त!" बरोबर. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी ओढणारे निघाले ३.८ टक्के, आणि तंबाखू खाणारे, मिश्री लावणारे वगैरे, म्हणजे धुराशिवाय घेणारे, तब्बल २४.४ टक्के. म्हणून महाराष्ट्रातलं खरं "कॉम्पॅक्ट आणि परवडणारं" यंत्र कुठलं म्हणाल तर ती दोन तोंडांची डबी. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. झाकण उघडा, तळहातावर मळा, दाढेखाली ठेवा. ना धूर, ना वास, ना निखारा. शेतात चालते, एसटीत चालते, साहेबासमोरही चालते. आणि त्यानंतर आली गुटख्याची पुडी. तिला तर मळायचेही कष्ट नाहीत. दात लावून फाडा, की झालं. सुगंधी, गोड, रुपया-दोन रुपयांत. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. ती बंदी रस्त्यावर किती दिसते ते तुम्ही रोज बघताच.

म्हणजे क्रम लावा. हुक्क्याला नोकर लागायचा. चिलमीला निखारा लागायचा. विडीला काडेपेटी लागायची. डबीला तळहात लागायचा. पुडीला फक्त दात. प्रत्येक पायरीवर काहीतरी गळालं, आणि जे गळालं तेच आपल्याला मधून मधून थांबवत होतं.

घसा नावाचा राखणदार

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. कडक धूर पहिल्यांदा घशात गेला की ठसका लागतो. तो ठसका म्हणजे शरीराचा नकार. राखणदार दारात उभा आहे आणि म्हणतोय, आत यायचं नाही.

तंबाखूच्या यंत्रांचा इतिहास म्हणजे या राखणदाराला झोपवायचा इतिहास आहे. हुक्क्यात धूर पाण्यातून जातो, थंड होतो, मग ठसका कमी. त्यावरून "पाण्याने धूर शुद्ध होतो" हा समज पक्का झाला. धूर गार झाला म्हणून निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड कुठे जात नाहीत, पण घसा तक्रार करत नाही ना, मग झालं! आणि तेवढ्यावर भागलं नाही म्हणून हुक्क्याची तंबाखू गुळात मळली, तिला सुवास लावले. फ्लेवर ही काही आजची कल्पना नाही.

पुढे सिगारेटवर कॅन्सरचा ठपका यायला लागला तशी कंपन्यांनी फिल्टर आणला. पुन्हा तेच, आता धूर गाळून येतो! १९५२ मध्ये अमेरिकेत केंट सिगारेटचा फिल्टर आरोग्याचं कवच म्हणून विकला गेला. १९५६ पर्यंत त्या फिल्टरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस होतं. हो, तेच अ‍ॅस्बेस्टॉस ज्याने फुप्फुसाचा कॅन्सर होतो.

आता पॉड उघडून बघू

पॉडच्या आत असतं काय? एक छोटी लिथियम बॅटरी. एक तार, जी तापते. तिच्याभोवती कापसासारखी वात. आणि एक द्रावण : प्रोपिलिन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणि निकोटीन. ओढलं की तार तापते आणि द्रावणाचे अतिसूक्ष्म थेंब हवेत तरंगत फुप्फुसात जातात. म्हणजे ही पाण्याची वाफ नाही. आपण कढीपत्त्याची फोडणी दिल्यावर जो ठसका लागतो तो जसा वाफेचा नसतो, तेलाच्या सूक्ष्म कणांचा असतो, तसंच काहीसं.

२००३ च्या सुमारास चीनमधल्या होन लिक नावाच्या औषधशास्त्रज्ञाने आजच्या ई-सिगारेटचं मूळ रूप बनवलं. तो स्वतः भरपूर सिगारेट ओढणारा होता. हेतू होता सिगारेट सुटावी. म्हणजे पुन्हा तोच शब्द : औषध.

सुरुवातीच्या ई-सिगारेटची एक अडचण होती. निकोटीन वाढवलं की घसा जळायचा. राखणदार जागा! मग २०१५ मध्ये अमेरिकेत जूल नावाचा पॉड आला आणि त्याने निकोटीन सॉल्टचं तंत्र वापरलं. निकोटीनमध्ये बेंझोइक आम्ल मिसळलं की त्याचा तिखटपणा मरतो. आता भरपूर निकोटीन घशाला न लागता आत जातं. कंपनीच्याच सांगण्यानुसार ०.७ मिलिलिटरच्या एका पॉडमध्ये साधारण एका सिगारेटच्या पाकिटाएवढं निकोटीन होतं. राखणदार गाढ झोपला.

आणि लगाम? सिगारेट निदान पाच-सात मिनिटांत संपते. विझवावी लागते, पुढची पेटवायची की नाही याचा विचार करायला एक क्षण मिळतो. पॉड संपत नाही. लेक्चरला दोन झुरके, जिन्यात दोन, पांघरुणात दोन. राख नाही, थोटूक नाही, त्यामुळे मोजायलाच काही उरत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलने शाळकरी मुलांमधल्या वेपिंगला साथ म्हणून जाहीर केलं. सिगारेटला कधी हात न लावलेली मुलं निकोटीनच्या विळख्यात सापडली होती.

२०१९ मध्ये तिथे आणखी एक प्रकार घडला. वेप ओढणाऱ्यांची फुप्फुसं अचानक निकामी व्हायला लागली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू. तपासात मुख्य संशयित निघालं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट, जे प्रामुख्याने गांजातला नशेचा घटक असलेल्या द्रावणांत घट्टपणासाठी मिसळलेलं होतं. नीट ऐका : व्हिटॅमिन ई. क्रीममध्ये असतं, गोळ्यांत असतं, त्वचेला चांगलं, पोटाला चालतं. पण फुप्फुसात गेल्यावर काय करतं हे कुणी तपासलं होतं? आग्र्याच्या दरबारातला तो हकीम आठवतोय ना?

मग जे देश परवानगी देतात त्यांचं काय?

हा प्रश्न रास्त आहे. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्य यंत्रणा सिगारेट सोडू इच्छिणाऱ्या प्रौढांना वेपकडे वळायला मदत करते. सिगारेट सोडायला निकोटीनच्या पट्ट्या किंवा च्युइंगमपेक्षा निकोटीनचं वेप जास्त उपयोगी पडतं, असं अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा सांगतो. जळत्या तंबाखूतून जे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड येतं, ते इथे टळतं. वीस वर्षं रोज पाकीट ओढणाऱ्या माणसासाठी हा हिशोब खरा आहे.

पण हा हिशोब त्याचा आहे. आयुष्यात कधी न ओढलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलासाठी तुलना सिगारेटशी नाहीच, तुलना स्वच्छ हवेशी आहे. आणि त्याच ब्रिटनने १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या स्वस्त वेपवर बंदी घातली. कारणं दोन : एक कचरा, दुसरं पोरंटोरं. म्हणजे परवानगी देणाऱ्या देशालाही नेमकी कुठली वस्तू नको झाली? छोटी आणि परवडणारी.

भारताने १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश काढला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. बनवणं, आयात, विक्री, वाटप, जाहिरात, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसता साठा केला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता यावर लोकांचा एक आक्षेप असतो, आणि तो खोटा नाही : सिगारेट, विडी, तंबाखू खुलेआम आणि वेपवर मात्र बंदी? विसंगती आहेच. पण तिचा अर्थ वेप निरुपद्रवी आहे असा होत नाही. जी सवय चारशे वर्षं मुरली ती उपटता येत नाही, म्हणून नवीन तरी रुजू नये, एवढाच त्यातला विचार.

बंदीचा एक धोका मात्र आहे, आणि त्यासाठी आपल्याला पैठणच्या नवरदेवाकडे परत जावं लागतं.

दानियालची बंदूक

शहजादा दानियाल दारूच्या पार आहारी गेला होता. अकबराने बंदी घातली, पहारे बसवले. दारू आत जाऊ देऊ नका, अशी सक्त ताकीद. दानियालला शिकारीचा आणि बंदुकांचा शौक होता. जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की दानियालने आपल्या बंदूकवाल्याला गळ घातली : माझ्या लाडक्या बंदुकीच्या नळीतून आण. त्या माणसाने कडक, दोनदा गाळलेली दारू नळीत भरून आणली. नळीतला गंज आणि जळक्या बारुदाची घाण तीत उतरली. ती प्यायला आणि दानियाल आजारी पडला. १६०५ मध्ये बुऱ्हाणपूरला तो गेला. वय तिशीच्या आतबाहेर. पैठणच्या लग्नाला वर्षभरच झालं होतं.

चोरून आलेल्या वस्तूत काय उतरलंय हे पिणाऱ्याला कळत नाही, ते असं. आज बंदीमुळे जो पॉड चोरवाटेने हातात येतो, त्यावर छापलेलं निकोटीनचं प्रमाण खरं आहे का, द्रावणात अजून काय आहे, तार कुठल्या धातूची आहे, हे तपासणारं या देशात कुणी नाही. बिल नाही, तक्रारीला जागा नाही. "ओरिजिनल आहे" हे सांगणारा तोच, जो विकतोय. आणि वस्तू पेनसारखी, हायलायटरसारखी दिसते हा जो तिचा गुण म्हणून सांगितला जातो, तो बंदुकीच्या नळीचाच गुण आहे. लपवता येते. आई-बापापासून तर लपतेच, पण आपल्याला किती लागायला लागलीये हे आपल्या स्वतःपासूनही लपतं.

शेवटी एवढंच

आपल्या शहरात किल्ले अर्कच्या बाजूला आमखास मैदान आहे. आम आणि खास, ही नावं मुघल दरबाराचीच. त्या मैदानाजवळ आज शासकीय कर्करोग रुग्णालय उभं आहे. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून लोक येतात, एसटीने येतात, सोबत डबा आणि चादर घेऊन येतात. कुणाचा जबडा, कुणाची जीभ, कुणाचा घसा. तिथल्या कितीतरी जणांची सुरुवात कुणीतरी प्रेमाने पुढे केलेल्या चिमटीने झालेली असते. "घे रे, काही होत नाही." त्या हकिमाला दरबारात पटवून देता आलं नव्हतं. इथल्या वॉर्डात त्याला एक शब्दही बोलायची गरज पडली नसती.

अकबराने दोन-तीन झुरके घेतले आणि सोडून दिलं, याचं आपल्याला कौतुक वाटतं. पण त्याची नळी तीन हात लांब होती, ती भरून आणायला माणूस लागायचा, समोर हकीम उभा होता. त्याला थांबवणारं बरंच काही आजूबाजूला होतं. पॉड हातात घेणाऱ्याच्या आजूबाजूला यातलं काहीच नसतं. म्हणून "मी काय, दोन झुरके मारून सोडून देईन" हे म्हणताना वस्तू कुठली आहे ते एकदा बघा. ती सोडता येऊ नये म्हणूनच इतकी लहान आणि इतकी मऊ केलेली आहे.

आणि ज्यांना आधीच लागलीये, सिगारेट असो, तंबाखू असो, पॉड असो, त्यांच्यासाठी : सिगारेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी क्विटलाइनचा नंबर टोल-फ्री आहे. कुणी नाव घेऊन ओरडत नाही, फक्त सोडायला मदत करतात. स्क्रीनशॉट काढून ठेवा, तुमच्यासाठी नाही तर मित्रासाठी.

भागाबद्दल काय वाटलं ते सांगा. आजोबांची चंची किंवा दोन तोंडांची डबी अजून घरात असेल तर तिचा फोटो आम्हाला नक्की पाठवा, रिकामी असेल तर आणखी आनंद!

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.